दगडाला सलाम, मातीला जेसीबी

दुर्गप्रेमी मित्रांनी रागावू नये, पण आज थोडं कडू लिहिणार आहे.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, साल्हेर... अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. दिवसभर फोन वाजत होता, ऑफिसात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. त्या किल्ल्यांचा मान आहेच, त्यावर वाद नाही. बारांत मराठवाड्यातला एकही नाही याचंही मला फार वाईट वाटत नाही, कारण यादीचा विषय ठरलेला होता. वाईट वाटतं ते वेगळंच. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या चाकूर तालुक्यातल्या (जि. लातूर) एका गावात गढीचा उरलासुरला बुरूज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भरून गेला. व्हॉट्सॲपच्या डीपीवर राजगडाचा बालेकिल्ला लावणारी पोरं तिथेच पारावर बसलेली होती. एकालाही वाटलं नाही की इथे काही वारसा वगैरे चाललाय. माती चाललीये, एवढंच. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे त्या एका गावाचं पाप नाही.

माझं म्हणणं एका दमात सांगून टाकतो. आपल्याकडे वारसा ठरायला दोन परीक्षा पास व्हाव्या लागतात. एक, वास्तू दगडाची पाहिजे. दोन, तिचं महाराजांच्या नावाशी नातं पाहिजे. या दोन्हींत नापास झालेल्या गावोगावच्या मातीच्या गढ्या आपण आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत संपवतोय. आणि त्या वाचवायला पहिल्या टप्प्यात एक रुपयाही निधी लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी गढी म्हणजे काय ते सांगतो. गढी म्हणजे गावातला छोटा भुईकोट. थोड्या उंचवट्यावर चौकोनी तट, कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा. तटाचा खालचा भाग दगडाचा, वर भाजक्या विटा किंवा नुसती चोपून घट्ट केलेली पांढरी माती. आत देवडी, पाण्याचा आड, धान्याची पेवं आणि बळदं, आणि सगळ्यावर माळवद. भिंतीत बंदुकीच्या जंग्या. बांधणारे देशमुख, देशपांडे, पाटील किंवा एखादा लहान जहागीरदार. काळ म्हणाल तर बहमनीपासून थेट निजामापर्यंत. औसा, उदगीर, कंधार हे मोठे भुईकोट फौजेचे. बहमनी, बरीदशाही, निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा सगळ्यांनी त्यांच्यावरून भांडणं केली. पानिपतला जाण्याआधी सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते याच उदगीरला, फेब्रुवारी १७६० मध्ये. पण या मोठ्या किल्ल्यांच्या मधल्या गावांचं काय? फौज आली, पेंढारी आले, तर गावाने जायचं कुठे? माणसं, गुरं, धान्य घेऊन गढीत. एवढा साधा हिशोब होता. गढ्या इतक्या सर्रास होत्या की बीड जिल्ह्यात गेवराईजवळ एका गावाचं नावच 'गढी' आहे.

आता भाषेतली एक गोष्ट बघा. आपल्याकडे जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीला पांढरी का म्हणायचं? तर शेकडो वर्षं एकाच जागी मातीची घरं बांधली, पडली, परत त्यावरच बांधली. त्यात चुलीची राख मिसळली, चुना, शेण, हाडं, खापरं मिसळली. जमिनीचा रंग बदलला. म्हणजे पांढरी माती ही माणसांनी राहून राहून तयार केलेली माती आहे. जगात कुठल्या खाणीत मिळत नाही. गढीचं टेकाड म्हणजे या पांढरीचा सगळ्यात उंच, सगळ्यात दाट थर.

आमच्या धंद्यातल्या लोकांना एक उदाहरण देतो. सर्व्हरवर लॉग फाईल असते ना, नवीन नोंद खाली जोडली जाते, जुनी कधी पुसली जात नाही. टेकाड तसंच, फक्त उलटं: जुनी नोंद खाली, नवी वर. कुठलं खापर कुठल्या थरात सापडलं यावर सगळं अवलंबून. थर विस्कटले की खापर म्हणजे नुसतं फुटकं मडकं. आणि जेसीबी काय करतो? वरून थर काढत नाही, पायथ्यापासून दात लावतो. वरचं आपोआप कोसळतं. सगळ्या नोंदी एकदम मिसळतात. बॅकअप नाही.

ही माती जाते कुठे? तीन ठिकाणी. पूर्वी घराला जायची. भिंतीला, माळवदाला, गिलाव्याला. ते डोक्यावरच्या पाटीने व्हायचं आणि पाटीने गढी संपत नाही. आता धाब्याची घरं जाऊन स्लॅब आले, त्यामुळे ती मागणी जवळजवळ मेली. दुसरं शेत. राख, शेणखत, हाडं मुरलेली असल्यामुळे पांढरी टाकली की रान खुलतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिसरं भराव, म्हणजे कुणाचा पाया भरायचा, कुणाचा रस्ता. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला ट्रॅक्टर आणि जेसीबी लागतो. म्हणजे गढी कोण नेतं? ज्याच्याकडे यंत्र आहे किंवा यंत्राचं भाडं द्यायची ऐपत आहे तो. 'गरीब शेतकऱ्याला खत मिळतं, तुमच्या पोटात का दुखतं?' असं विचारणाऱ्यांनी एकदा ट्रॉल्या कुणाच्या बांधावर रिकाम्या होतात ते बघून यावं.

आणि चौथे लोक आहेतच, गुप्तधनवाले. गढीच्या पोटात हंडा आहे, त्यावर नाग बसलाय, अमावास्येला... असो. कायद्याची माहिती देऊन ठेवतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे हंडा सापडला तरी तो गुपचूप घरी नेता येत नाही. नागाने एवढी वर्षं उगाच ड्यूटी केली :)

गंमत बघा, आयर्लंडमध्ये याच्या उलट झालं. तिथे मध्ययुगाच्या सुरुवातीची मातीच्या गोल बांधांची घरकोटं आहेत, चाळीस हजारांहून जास्त. ती टिकली याचं एक मोठं कारण म्हणजे अंधश्रद्धा. त्यात पऱ्या राहतात, बांध फोडला तर घरावर संकट येतं, असं शेतकरी मानत आले. पिढ्यान्पिढ्या नांगर वळसा घालून गेला. आपल्याकडच्या भुताने मात्र लोकांना हाकलण्याऐवजी कुदळ घेऊन बोलावलं. आपली भुतंसुद्धा नीट काम करत नाहीत.

मातीचं एवढं काय, दगडासारखी ती मजबूत थोडीच असते, असं इंजिनिअर मित्रसुद्धा म्हणतात. त्यांच्यासाठी भरतपूर. १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या रणजितसिंह जाटाच्या आश्रयाला गेले आणि लॉर्ड लेकने किल्ल्याला वेढा घातला. दिल्ली, आग्रा घेतलेला सेनापती. भरतपूरचे बाहेरचे तट मातीचे, प्रचंड रुंद. लेकने चार वेळा हल्ला केला, चारही वेळा मार खाल्ला. तीन हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. शेवटी तह करावा लागला. दगडी भिंतीला तोफेचा गोळा लागला की ती तडकते. मातीची भिंत गोळा गिळून टाकते. हा किल्ला पडला तो एकवीस वर्षांनी, १८२६ मध्ये, आणि तोसुद्धा तटाखाली खणून, दारू भरून उडवल्यावर. तोफांना न जुमानणारी मातीची भिंत पायथ्याशी खणल्यावर पडते, हे इंग्रजांना कळायला एकवीस वर्षं लागली. आमच्या गावच्या जेसीबीवाल्याला पहिल्या दिवशी कळलं.

पण आमच्या भागात मातीची भीती आहे आणि तिचं कारण खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं झोपेत गेली. ५२ गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. माझ्या पिढीतल्या कित्येकांचा जन्मही त्यानंतरचा, पण घराघरात ती पहाट अजून सांगितली जाते. त्यानंतर 'मातीचं घर' हे शब्द लातूर-धाराशिवकडे शिवीसारखे झाले. त्या लोकांना मी तिकडे पुण्यात बसून 'मातीची वास्तुकला किती सुंदर' असं ऐकवणार नाही. फक्त एक सांगतो. लोक मेले ते गोलसर दगड मातीच्या गाऱ्यात नुसते रचलेल्या, एकमेकांत न गुंफलेल्या जाड भिंतींखाली आणि वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेल्या माळवदाखाली. राहायच्या घरासाठी तो धडा कायमचा आहे, आणि गढीत परत राहायला जा असं कुणी म्हणतही नाही. पण भूकंपाच्या भीतीचं निमित्त करून भूकंपाने न पाडलेली टेकाडं यंत्राने पाडायची, याला काय अर्थ आहे? टेकाड कुणाच्या अंगावर पडत नाही. अर्धवट पोखरलेला बुरूज मात्र खाली खणणाऱ्या मजुराच्या अंगावर जरूर पडतो.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. माझा एक मित्र आहे, उदगीरकडचा, पुण्यात माझ्याच टीममध्ये. त्याला मी गढीबद्दल बोलायला लागलो तर म्हणाला, "पडू दे की. माझ्या आज्याला त्या दरवाजापुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. तुला कशाला पायजे ती?"

यावर 'पण इतिहास हा इतिहास असतो' छापाचं उत्तर मी देणार नाही. त्याचा राग बरोबर आहे. गढी म्हणजे संरक्षण होतं तशी ती सत्ताही होती. पेवातलं धान्य कुणाच्या घामाचं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. हैदराबाद संस्थानात वेठबिगार होती. सालारजंगाने १८६० च्या दशकात देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचं काम काढून त्यांना रोख रुसूम बांधून दिली, म्हणजे कागदावर अधिकार गेले, पण गावातला दरारा गेला नाही. शेजारी तेलंगणात विसनूरच्या देशमुखाविरुद्ध लोक उठले, ४ जुलै १९४६ ला दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला आणि सशस्त्र लढा पेटला. त्या लढ्यात गढ्यांवर हल्ले झाले, आणि ते का झाले हे समजायला फार डोकं लागत नाही.

मी स्वतः देशमुख नाही आणि पाटीलही नाही. आमचं घर गढीच्या उताराखालचं. म्हणून मित्राला जे सांगितलं तेच इथे लिहितो. देशमुखाकडे सनदा आहेत, मोडी कागद आहेत, कोर्टातल्या दाव्यांच्या फायली आहेत. त्याचा इतिहास गढी पडली तरी राहील. तुझ्या आज्याकडे काय कागद आहे? वेठीला गेलेल्या माणसाची हजेरी कुणी लिहून ठेवली? त्याने डोक्यावर वाहिलेली माती, वडारांनी आणि बेलदारांनी घडवून दिलेला दगड, कुंभाराची वीट, सुताराचा दरवाजा, हा एकच पुरावा त्यांच्या कष्टाचा शिल्लक आहे. तटाची रुंदी किती हात आहे यावरून किती माणसं किती दिवस राबली असतील याचा हिशोब काढता येतो. तो तट गेला की वेठ ही नुसती ऐकीव गोष्ट होते, आणि ऐकीव गोष्ट 'असं काही नव्हतंच' म्हणून उडवून लावायला दोन पिढ्या पुरतात. गढी जपायची म्हणजे देशमुखाचा जयजयकार करायचा असं कोण म्हणालं? तिच्यासमोर पाटी लावा आणि तिच्यावर दोन्ही लिहा: इथे गाव लपून वाचलं, आणि ही गावाच्या वेठीने उभी राहिली. मला तर वाटतं गढी जमीनदोस्त झाल्याने सगळ्यात जास्त सोय कुणाची होत असेल तर ज्यांना वेठीची आठवण नको आहे त्यांची.

मित्र म्हणाला, "पाटीवर असं लिहू देतील?" प्रश्न बरोबर आहे. पण भिंत असली तर भांडता तरी येईल.

आता 'महाराजांशी नातं' या परीक्षेकडे येतो. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष जपले गेले, सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा वाडा सरकारने संरक्षित केला. उत्तम झालं. सिंदखेडराजाला तर २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ जतनाचं काम चालू असताना शेषशायी विष्णूची मोठी देखणी मूर्ती सापडली. पुरातत्त्व खात्याची माणसं हजर होती म्हणून ती मूर्ती म्हणून सापडली, जेसीबीच्या दाताखाली दोन तुकडे होऊन नाही. पण ज्या गढीत कुणी राजा जन्मला नाही, तिचं काय? लातूर जिल्ह्यात दहा तालुके. त्यांतल्या गावागावांत आमच्याच खापर-खापरपणज्यांचा पाचशे वर्षांचा इतिहास त्या मातीत आहे. नाव नसलेल्या माणसांचा इतिहास हा इतिहास नसतो, असं ठरवलंय का आपण?

आणि माती फेकताना काय जातं ते जाताना कळत नाही. इजिप्तमध्ये जुन्या वस्त्यांची विरघळलेली विटांची माती शेतकरी शेतात खत म्हणून टाकत. 'सेबाख' म्हणत तिला. म्हणजे शंभर टक्के आपली पांढरी. १८८७ मध्ये अमार्ना इथे अशीच माती खणताना मातीच्या पाट्या निघाल्या. त्या निघाल्या सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांचा एकमेकांशी झालेला पत्रव्यवहार. साडेतीनशेहून जास्त पाट्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि कळायच्या आत काही फुटल्या, हरवल्या त्या वेगळ्याच. एवढं लांब कशाला, धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून जे उघडं पडत होतं ते रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी वर्षानुवर्षे गोळा करून ठेवलं. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरला आहे. तिथली हस्तिदंती बाहुली पॉम्पेईत सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी आहे. लामतुरे नसते तर तीही कुणाच्या तरी रानात खत म्हणून गेली असती.

'सरकार काय करतंय?' हा आपला आवडता प्रश्न. मीही एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "यादीत नाही." विषय संपला. कायदे आहेत. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. पण संरक्षण मिळतं ते अधिसूचना निघालेल्या स्मारकांना, आणि संपूर्ण राज्यात राज्य संरक्षित स्मारकं काही शेच आहेत. गावं चाळीस हजारांहून जास्त. पुरातत्त्व खातं प्रत्येक गढीला पहारेकरी देणार नाही, देऊ शकतही नाही. त्यामुळे खात्याच्या नावाने बोटं मोडणं म्हणजे आपली जबाबदारी ढकलणं.

उलट कधी कधी निधी न आलेलाच बरा. निधी आला की सुशोभीकरण येतं. सुशोभीकरण म्हणजे पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं आणि बुरुजाला सिमेंटचा गिलावा. मातीच्या भिंतीला सिमेंट फासणं म्हणजे दम्याच्या माणसाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधणं. माती ओलावा शोषते आणि सोडते. वरून सिमेंट आलं की आतलं पाणी आतच कोंडतं, क्षार साचतात, दोन-चार पावसाळ्यांनी सिमेंटचा पापुद्रा भिंतीचा गाभा घेऊन खाली येतो. मग म्हणायचं, 'बघा, मातीचं टिकत नाही.' मातीला लागते ती माती. आफ्रिकेत माली देशात जेने नावाच्या गावात मातीची प्रचंड मशीद आहे. दरवर्षी सगळं गाव जमून तिला मातीचा नवा गिलावा करतं, सण असतो तो. आणि यात परकं काय आहे? मृगाच्या आधी माळवदावर चोपण माती टाकणं, दिवाळीला भिंती लिंपणं हे आमच्या आज्या करतच होत्या. त्याला तेव्हा 'कॉन्झर्वेशन' म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

मग करायचं काय? चार कामं सांगतो. ती सरपंच, ग्रामसेवक आणि तुम्ही-आम्ही करू शकतो.

पहिलं, कागदावर जागा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं. तुमच्या गावच्या नकाशात गढी काय म्हणून आणि कुणाच्या नावावर दाखवली आहे ते आजच बघा. सार्वजनिक असेल तर 'गढी' अशी नोंद करून घ्या. खाजगी असेल तर मालकाशी बोला. बहुतेक मालक पुण्यात नाहीतर हैदराबादला असतात आणि खणतो तिसराच.

दुसरं, खणणं बंद. नवीन कायदा नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना माती-मुरूम उपसला तर बाजारभावाच्या पाचपट दंड आणि यंत्र-वाहन जप्त करता येतं. वाळूवाल्यांवर जे चालतं ते गढीवरही चालतं, फक्त तहसीलला कुणीतरी अर्ज दिला पाहिजे. 'गढीची माती काढायची नाही' असा ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येतं. आणि शेतकऱ्याला खत हवं असेल तर गावतळ्याचा, धरणाचा गाळ आहे. त्यासाठी राज्याने २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना राबवली. गाळ काढला की तळ्यात पाणीही वाढतं. गढी खणून काय वाढतं?

तिसरं, पाणी वळवा. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू म्हणजे पायथ्याला साचलेलं पाणी. एक चर खणून ते बाहेर काढलं, बुरुजावरची पिंपळ-बाभळीची रोपं मुळासकट न उपटता बुंध्याशी कापली, आणि डोक्यावर चोपणाचा थर दिला तर भिंतीचं आयुष्य कितीतरी वाढतं. चार माणसांचं एका रविवारचं काम.

चौथं आपल्या धंद्याचं. जे वाचणार नाही त्याची निदान नोंद करा. साध्या फोनने गढीभोवती फिरत दीड-दोनशे फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. मेशरूम किंवा ओपनड्रोनमॅपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की त्रिमिती मॉडेल तयार होतं. मोजपट्टी फोटोत ठेवलीत तर मापंही मिळतात. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडून बघा, गढी कशी वर्षागणिक बारीक होत गेली ते दिसेल. गावातल्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या आजी-आजोबांना माईकसमोर बसवा. रझाकारांच्या दिवसांत, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी, कोण कुठे लपलं, गढीचं दार कुणाला उघडलं आणि कुणाला नाही, हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. गढीच्या आत राहणाऱ्यांना विचारा आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनाही विचारा. दोन्ही ऐकल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

आपण दर वीकएंडला राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करतो. करूच. पण वर्षातून एकदा त्याच बुटांनी स्वतःच्या गावच्या गढीवर चढायला काय हरकत आहे? चढ दहा मिनिटांचा आहे, फोटोत धुकं येणार नाही, लाईक कमी मिळतील. लातूर, नांदेडला जाणाऱ्या शुक्रवार रात्रीच्या ट्रॅव्हल्स आपल्यासारख्यांनीच भरलेल्या असतात. घरी जाऊन आपण करतो काय? जेवतो, झोपतो, लग्नाच्या विषयावरून आईशी वाद घालतो आणि रविवारी परत येतो.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या तारखांना ग्रामसभा ठेवायची पद्धत आहे आणि या दिवशी आपल्याला सुट्टीही असते. यातली एक तारीख धरा, गावी जा आणि दोन ओळींचा ठराव मांडा. गढ्या खणल्या जातात उन्हाळ्यात, पावसाच्या आधी रानात माती पडावी म्हणून. त्यामुळे १ मेची वाट बघू नका, २६ जानेवारीलाच मांडा. मेपर्यंत यंत्र येऊन गेलेलं असतं.